लार्पमध्ये कॅरेक्टर कशाच्या जोरावर वाढावं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या लार्प खेळणाऱ्या मुलामुलींवर लेख आला होता, तो आमच्या ग्रुपवर लगेच सगळीकडे फिरला आणि सगळ्यांना मनापासून बरं वाटलं कारण मराठी पेपरात या खेळाबद्दल कोणी फारसं लिहीतच नाही. फोटो पण मस्त होते. पण लेखात एका ठिकाणी असं म्हटलंय की जो जास्त वेळा येतो त्याचं कॅरेक्टर जास्त ताकदवान होत जातं, मोबाईल गेमसारखी लेव्हल वाढते, आणि तो विषय तिथेच सोडून दिलाय. आता खरं सांगायचं तर या एका गोष्टीवरून आमच्याकडे जेवढे वाद होतात तेवढे तलवार लागली की नाही लागली यावरून पण होत नाहीत, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, फक्त मॉन्स्टर क्रूबद्दल, म्हणजे खेळात राक्षस आणि शत्रू होणाऱ्या लोकांबद्दल लिहिलंय तो भाग कापू नका एवढी विनंती.

ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. लार्प म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्शन रोलप्ले. तुम्ही एक कॅरेक्टर ठरवायचं, वैद्य, भाडोत्री सैनिक, व्यापारी, मांत्रिक, जे काय आवडेल ते, तसे कपडे घालायचे आणि दिवसभर ते कॅरेक्टर म्हणूनच वावरायचं, बोलायचं, भांडायचं, तह करायचा, आणि लढाई आली की फोमच्या तलवारीने खरोखर पळत जाऊन लढायचं. संहिता नसते आणि बघायला प्रेक्षक पण नसतात. तलवारीत आत पीव्हीसी पाइप, वरून फोम, त्यावर टेप, डोक्यावर मारायला सक्त मनाई. पावसाळा संपला की कर्जत नाहीतर मुरबाडच्या बाजूला कोणाची तरी मोकळी जागा भाड्याने घेऊन मोठे इव्हेंट होतात, आणि चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात तेव्हा हॉल जरा स्वस्तात मिळतात म्हणून पावसात दरबार-कारस्थान टाइपचे गेम आत बसून होतात.

प्रत्येकाचं एक कार्ड असतं. त्यावर कॅरेक्टरचं नाव, किती वार सहन करू शकतो त्याचे हिट्स, आणि कुठली कुठली स्किल्स येतात ती यादी. सुरुवातीला ठराविक पॉइंट्स मिळतात आणि त्यातून स्किल्स विकत घ्यायची, ढाल वापरणं, दोन हातात दोन शस्त्रं, कुलूप उघडणं, विष ओळखणं, वैद्यकी, काही खेळांत तर लिहिता-वाचता येणं सुद्धा पॉइंट देऊनच घ्यावं लागतं आणि ते नसेल तर समोर आलेलं पत्र तुम्हाला वाचता येत असूनही दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागतं. मग प्रत्येक इव्हेंटनंतर नवे पॉइंट्स मिळतात, त्यातून नवी स्किल्स किंवा असलेल्या स्किलची वरची पायरी. यालाच कॅरेक्टर वाढणं म्हणतात. आमच्याकडचं वैद्याचं उदाहरण घ्या, जखमी माणसाला खरोखर पट्टी बांधायची आणि मोठ्याने आकडे मोजायचे, नव्या वैद्याला शंभरपर्यंत मोजावं लागतं आणि मुरलेल्या वैद्याचं तीसमध्ये काम होतं. बाजूला लढाई चालू आहे, समोरचा कण्हतोय, धूळ उडतेय आणि तुम्ही त्रेसष्ट चौसष्ट करत बसलाय, तेव्हा तीस आणि शंभरमधला फरक काय असतो तो कळतो. वाढणं म्हणजे काय हे दाखवायला मला तरी याच्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

ही पॉइंट्सची कल्पना आली कुठून तर टेबलावरच्या खेळातून, म्हणजे टेबलाभोवती बसून नुसतं बोलत खेळायच्या रोलप्लेमधून. १९७४ ला अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला, त्यात एक्सपीरियन्स पॉइंट्स आणि लेव्हल होत्या, आणि आज मोबाईलवर जी लेव्हल-अप वगैरे भाषा सर्रास चालते तिचं मूळ बरंचसं तिथलं आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० पॉइंट लागतात, तिसरीला ९०० आणि विसाव्या लेव्हलला ३,५५,००० लागतात, म्हणजे शेवटाकडे जाताना चढ किती उभा होत जातो बघा. टेबलावर हे चालून जातं कारण तिथे चार-पाच मित्र असतात, सगळे एकत्र सुरू करतात, साधारण एकत्रच वाढतात आणि खेळ चालवणारा त्यांच्या ताकदीप्रमाणे शत्रू ठरवतो. मग हीच कल्पना लोकांनी मैदानात नेली. १९८२ ला इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप सुरू झालं, अमेरिकेत त्याच सुमारास वेगवेगळे ग्रुप उभे राहिले. पण मैदानात चाळीस-पन्नास लोक असतात, कोणी पहिल्यापासून आहे, कोणी आज पहिल्यांदा आलंय, आणि सगळे त्याच एका शेतात त्याच एका राक्षसासमोर उभे. टेबलावरचं गणित इथे जसंच्या तसं लावलं की बिनसतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपनी ते जसंच्या तसंच लावलंय.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे हजेरी. आलात की एक पॉइंट. अ‍ॅम्टगार्ड म्हणून मोठा खेळ आहे, १९८३ ला टेक्सासमधल्या एल पासोला सुरू झाला, तिथे हीच पद्धत आहे, प्रत्येक वेळी आलात की ज्या क्लासमध्ये (म्हणजे योद्धा, वैद्य अशा ज्या प्रकारात) खेळलात त्याचं एक क्रेडिट, आणि पाच क्रेडिटला दुसरी लेव्हल, बाराला तिसरी, एकवीसला चौथी, चौतीसला पाचवी, त्रेपन्नला सहावी आणि तिथे संपलं. पद्धत सरळ आहे, कोणाचा वशिला चालत नाही, वहीत सही असली की झालं. शिवाय अ‍ॅम्टगार्ड मुळात पार्कात चालणारा खेळ आहे, बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला लोक जमतात, त्यामुळे एखादा दिवस बुडला तर फार काही बिघडत नाही.

आता हे मुंबईत लावून बघा. आपल्याकडे मोठे इव्हेंट सीझनमध्ये मोजकेच होतात आणि तेही रविवारी. रविवारी मेगाब्लॉक. हार्बरवरून येणारा माणूस सकाळी कुर्ल्याला गाडी बदलून पुढे कर्जतपर्यंत पोचेपर्यंत चेक-इन संपलेलं असतं आणि काही ग्रुपमध्ये चेक-इन चुकलं की दिवसाचा पॉइंट गेला. हॉस्पिटलमध्ये नर्स असलेली मुलगी, शिफ्टमध्ये काम करणारा, दुकानावर बसणारा, घरी आजारी आईवडील असलेला, ज्याला रविवार हाच कामाचा दिवस आहे तो केटरिंगवाला, या सगळ्यांची कॅरेक्टर्स मागे पडत जातात आणि त्यात त्यांच्या खेळण्याचा काही संबंधच नसतो. शनिवार-रविवार मोकळा असणारा आणि गाडी असणारा माणूस आपोआप सेनापती होतो. हे काही मला पटत नाही आणि कधीच पटलेलं नाही.

आणि नुसतं मागे पडणं असतं तरी चाललं असतं हो, खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या शेवटी नीरो नावाचा खेळ निघाला, त्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. त्यात वार करताना आकडा ओरडायचा, म्हणजे नवा माणूस दोन ओरडणार आणि मुरलेला माणूस वीस ओरडणार, एकच तलवार, एकच हात, पण समोरच्याचे दोन हिट्स जाणार की वीस ते कार्डावर. आता जुन्या लोकांचे हिट्स भरपूर झाले की त्यांच्यासमोर साधा राक्षस टिकत नाही म्हणून आयोजक राक्षस मोठे करतात, आणि तो मोठा केलेला राक्षस फिरता फिरता नव्या माणसाला एक वार घालतो आणि नवा माणूस तिथेच संपतो.

हे मी समोर बघितलंय. एका ग्रुपच्या इव्हेंटला, नाव घेत नाही, एक नवी मुलगी आली होती, वैद्य झाली होती, घरी शिवलेली झोळी, त्यात पट्ट्यांच्या गुंडाळ्या, रंगीत पाण्याच्या छोट्या बाटल्या, प्रत्येक बाटलीला मोडीसारखी अक्षरं काढून लेबलं लावलेली, आणि कुठलं औषध कशावर ते पाठ करून आली होती. दुपारची पहिली झटापट झाली, झाडीतून राक्षस आला आणि मार्शलने (मैदानात नियम सांभाळणाऱ्याने) जुन्यांच्या हिशोबाने दिलेला आकडा त्याने ओरडला, हिच्या कार्डावर तेवढे हिट्स असणं शक्यच नव्हतं. ती खाली पडली. तिला उठवायला तीच वैद्य होती. नंतर परत खेळात यायची वेळ होईपर्यंत ती आंब्याखाली त्या बाटल्या मांडीवर घेऊन बसून होती, जुने लोक लढत होते, आणि संध्याकाळच्या गाडीने ती गेली ती परत काही आली नाही. लहानपणी खेळताना धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू करून घ्यायचो, खेळात आहे पण धरायचं नाही, तसं त्या मुलीचं झालं, फक्त तिने त्यासाठी पूर्ण फी भरली होती.

मारामारी नसलेल्या खेळात असं होत नसेल असं वाटतं पण तिथेही होतं. १९९३ ला व्हॅम्पायरवाला लार्प आला, माइंड्स आय थिएटर, तो हॉलमध्ये, घरात, हॉटेलात खेळता येतो म्हणून जगभर गेला. त्यात हात न लावता स्टोन-पेपर-सिझर करून कोण जिंकलं ते ठरवायचं. ऐकायला किती समान वाटतं ना, स्टोन-पेपर-सिझरमध्ये काय नवा आणि काय जुना. पण बरोबरी झाली तर दोघांनी आपापल्या कार्डावरच्या गुणांची संख्या बघायची आणि ज्याचे जास्त तो जिंकला. आता दोघांनी मनाला येईल ते दाखवलं तरी सरासरी तीनात एकदा बरोबरी होते. म्हणजे त्या तिसऱ्या वेळेला जुन्याच माणसाचं पारडं जड, आणि दिवसभरात असे सामने कितीतरी होतात.

याच्यावर उपाय लोकांनी शोधलेले आहेत आणि ते आपल्याकडे कोणी फारसे वापरत नाही याचंच मला वाईट वाटतं. एक म्हणजे चढ उभा करायचा, जुन्या कॅरेक्टरला तेवढ्याच हजेरीला कमी वाढ, नीरोच्या पद्धतीत हे आहे. याने जुन्याची वाढ मंदावते पण थांबत नाही, आणि नव्याला पोचायला तरी वर्षं जातातच. दुसरं म्हणजे वरची मर्यादा, जसं अ‍ॅम्टगार्डमध्ये सहावी लेव्हल, त्याच्या पुढे काही नाही. तिसरं, जे मला सगळ्यात जास्त पटतं, ते म्हणजे वाढ वरच्या दिशेने कमी आणि आडवी जास्त ठेवायची. इंग्लंडमध्ये २०१३ पासून एम्पायर नावाचा खूप मोठा लार्प चालतो, हजारो माणसं तंबू ठोकून राहतात. तिथे पॉइंट्स आहेत, स्किल्स आहेत, पण आकडा ओरडणं नाही, तलवार लागली की एक हिट गेला, मारणारा पहिल्या दिवशी आलेला असो की पहिल्या वर्षापासून. जुन्याकडे चार गोष्टी जास्त येत असतील पण नव्याने मारलेला वार पण वारच असतो. शिवाय प्रत्येकाला पहिल्याच दिवसापासून काहीतरी साधन मिळतं, कोणाला शेत, कोणाला खाण, कोणाला जहाजं, कोणाला सैन्याची तुकडी, आणि त्याचं उत्पन्न घेऊन तो बाजारात उभा राहू शकतो. आणि मोठी पदं, म्हणजे सिनेटर वगैरे, ती पॉइंट्सनी मिळत नाहीत, तिथले खेळाडू खेळातच निवडणूक घेऊन ठरवतात, म्हणजे लोकांशी बोलावं लागतं, शब्द द्यावा लागतो, पाळावा लागतो.

अ‍ॅम्टगार्डची पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे, तिथे लेव्हलच्या शेजारी दुसरी वेगळी शिडी आहे मानाची. लढाईसाठी वेगळा मान, कपडे शिवणाऱ्याला वेगळा, सेवा करणाऱ्याला वेगळा, खेळ रचणाऱ्याला वेगळा, आणि पुढे जाऊन नाइटहूडसुद्धा तलवारीचं वेगळं, कलेचं वेगळं, सेवेचं वेगळं. म्हणजे जी बाई वर्षभर स्वयंपाकघर सांभाळते आणि पन्नास जणांना वेळेवर गरम जेवण घालते ती पण त्या जगात नाइट होऊ शकते. आपल्याकडे जो माणूस चार महिने घरी बसून सगळ्यांच्या ढाली दुरुस्त करतो त्याच्या कार्डावर त्याचं काय येतं? काहीच येत नाही.

इथे मॉन्स्टर क्रूचं येतं. खेळात शत्रू लागतात, गावकरी लागतात, दूत लागतात, भुतं लागतात, हे सगळं करणारे आपल्यातलेच लोक असतात, स्वतःचं कॅरेक्टर बाजूला ठेवून. मार्च-एप्रिलच्या उन्हात रबरी मुखवटा घालून झाडीत दबा धरून बसायचं, पळत यायचं, मार खायचा, मरायचं, उठून मागच्या बांधावरून वळसा घालून परत झाडीत जायचं आणि पुढच्या टोळीसाठी परत मरायचं, मुखवट्याच्या आत घाम डोळ्यात जातो आणि तो पुसताही येत नाही, पाण्याची बाटली बांधावर ठेवलेली असते तिथपर्यंत पोचेपर्यंत शिट्टी वाजते. आणि हे सगळं नीट अभिनय करून, म्हणजे समोरच्या नव्या मुलाने घाबरत घाबरत पहिला वार केला तर असं पडायचं की त्याला पुढचा आठवडाभर सांगायला झालं पाहिजे. संपूर्ण इव्हेंट या लोकांच्या जिवावर चालतो. आणि बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या कॅरेक्टरला पॉइंट मिळत नाही कारण कॅरेक्टर "हजर" नव्हतं, किंवा मिळाला तर अर्धा. त्यामुळे हळूहळू काय होतं की चांगले खेळाडू मॉन्स्टर व्हायला तयार होत नाहीत, दरवेळी तीच तीन-चार भली माणसं होतात, त्यांची कॅरेक्टर्स कायम पहिल्या पायरीवर, आणि एक दिवस ती माणसं पण यायची बंद होतात. नीरोमध्ये मॉन्स्टर झालेल्यांना, मदत करणाऱ्यांना गॉब्लिन पॉइंट्स मिळतात आणि ते आपल्या कॅरेक्टरच्या वाढीसाठी वापरता येतात. एम्पायरमध्ये तर आणखी सरळ आहे, शनिवारी आणि रविवारी अशा दोन मोठ्या लढाया असतात, एका दिवशी जे आपल्या कॅरेक्टरने लढतात त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांसाठी मॉन्स्टर व्हायचं, पाळीपाळीने. माझं म्हणणं एवढंच आहे की मॉन्स्टर क्रूला पूर्ण पॉइंट द्या, अर्धा नको, आणि जमलं तर थोडा जास्तच द्या.

आणि पैसे. आमच्या ओळखीत एका ठिकाणी असं सुरू झालं होतं की जास्त फी भरली की इव्हेंटला येण्याआधीच कार्डावर जादा पॉइंट्स. आयोजकांची अडचण मला कळते, जागेचं भाडं आहे, टेम्पो आहे, जेवण आहे, विमा आहे, हे सगळं फीमधून निघत नाही. तर मग देणगी घ्या, उघड घ्या, देणाऱ्याचं नाव बोर्डवर लिहा, त्याच्या कॅरेक्टरच्या नावाने गावातल्या विहिरीचं नाव ठेवा, पण कार्डाला हात लावू नका. ज्या क्षणी लढाईत समोरच्याचा वीसचा आकडा ऐकून मनात येतं की हा याने विकत घेतलाय, त्या क्षणी त्या दोघांमधला खेळ संपलेला असतो.

यावर जुने खेळाडू म्हणतात, आणि त्यांचंही मी ऐकून घेते कारण त्यातले बरेच माझे जिवाभावाचे मित्र आहेत, की आम्ही वर्षानुवर्षं आलो, उन्हातान्हात खेळलो, आणि काल आलेल्याला आमच्या बरोबरीने बसवणार असाल तर आम्ही यायचं कशाला. त्यांना मला विचारायचंय की तुमच्याजवळ खरंच फक्त आकडा आहे का? तुमच्या कॅरेक्टरने कोणाला कर्ज दिलंय, कोणाशी वैर घेतलंय, कुठल्या गावाला वाचवलंय, तुम्ही आलात की लोक उठून उभे राहतात, ते कोणत्या पॉइंटमध्ये आलं? नवा माणूस तुमच्याइतके हिट्स घेऊन आला म्हणून त्याच्याजवळ हे येत नाही. ते मिळायला वेळ द्यावाच लागतो.

उलट टोकाचेही लोक आहेत. नॉर्डिक देशांमध्ये, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, तिथले लार्पवाले १९९७ ला ओस्लोमध्ये क्नूतेपुंक्त म्हणून परिषदेला पहिल्यांदा जमले आणि तेव्हापासून दरवर्षी आलटून पालटून या देशांत जमतात. तिथे बरेचसे लार्प एकदाच होतात, एक वीकेंड आणि संपलं, पॉइंट्स नाहीत, लेव्हल नाही, उलट स्वतःच्या कॅरेक्टरला मुद्दाम हरू द्या, त्यातून गोष्ट चांगली होते असा एक विचार आहे. हॉलमधल्या आमच्या एकदिवसीय खेळांना ही पद्धत लावली आणि फार छान अनुभव आला. पण जिथे तेच कॅरेक्टर घेऊन लोक वर्षानुवर्षं येतात तिथे पॉइंट्स पूर्ण काढून टाका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझ्या वैद्याला शंभरपासून तीसपर्यंत यायचंय. ते मला हवंय, ते कार्डावर दिसायला हवंय, त्याच्यात काही लाज वाटण्यासारखं नाही.

फक्त ते यावं कसं, तर शिकून. काही ग्रुपमध्ये नियम आहे की वरच्या पायरीचं स्किल घ्यायचं तर नुसते पॉइंट असून चालत नाही, खेळात ते ज्याला येतं अशा कॅरेक्टरकडे जाऊन, बसून, शिकावं लागतं. हा नियम मला सगळ्यात आवडतो. मी एका म्हाताऱ्या वैद्याकडे (खेळणारा मुलगा पंचविशीतला आहे पण दाढी पांढरी लावून येतो) विष ओळखायला शिकले, त्याने तीन वाट्यांत पाणी ठेवलं, एकात मीठ, एकात चिमूटभर साखर, एकात काहीच नाही, डोळे बांधले, चव घ्यायला लावली, आणि फी म्हणून माझ्या कॅरेक्टरकडून एक वचन मागितलं जे मला पुढे फार महागात पडलं. त्या अर्ध्या तासात त्याचाही खेळ झाला, माझाही झाला, आणि जुन्या माणसाला नव्याची गरज लागली कारण शिकवणाऱ्यालाही त्या ग्रुपमध्ये पॉइंट मिळतो. नवे आले की जुन्यांना आनंद व्हावा अशी ही एकच रचना मी बघितलीय.

मरणाचंही या हिशोबात धरलं पाहिजे. वर्षानुवर्षं जमवलेले पॉइंट्स कॅरेक्टर मेल्यावर एकदम शून्य होत असतील तर माणूस धोका पत्करतच नाही, मागे उभा राहतो, आणि सगळ्यात ताकदवान लोकच सगळ्यात सावध होऊन बसतात. नीरोमध्ये मेलेल्याला परत आणता येतं पण मरणं वाढत गेली की पिशवीतले काळे खडे वाढत जातात, हात घालून खडा काढायचा, काळा निघाला की कॅरेक्टर कायमचं गेलं. ती पिशवी समोर आली की सगळे गप्प होतात म्हणे, आणि मला ते बरोबर वाटतं, मरणाला वजन पाहिजेच. पण खेळणाऱ्याला त्याच्या पुढच्या कॅरेक्टरसाठी काहीतरी, निदान निम्मे पॉइंट्स तरी, बरोबर न्यायला द्यावेत. कॅरेक्टर मेलं तरी खेळणारा पुढच्या महिन्यात परत यायला हवाय ना.

एक गोष्ट कार्डावर कधीच येत नाही ती म्हणजे माणसाचं स्वतःचं अंग. आमच्याकडे लाठीकाठी शिकलेला एक मुलगा येतो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत खेळणारा, त्याचं कार्ड एकदम कोरं होतं आणि तरी पहिल्याच दिवशी त्याच्या अंगाला कोणाची तलवार लागेना. फोमची तलवार असली तरी पायांची चाल खरीच असते. त्यामुळे ज्याला दम लागतो, ज्याचा गुडघा दुखतो, ज्याने आयुष्यात काठी धरलेली नाही, त्याला पण त्या मैदानात मोठं योद्धा होऊन बघता यावं म्हणून मुळात हे पॉइंट्स असतात. पॉइंट्स हे कमी असलेल्याला हात देण्यासाठी आहेत आणि आपण ते आधीच पुढे असलेल्याला आणखी पुढे ढकलायला वापरतोय, हे थांबायला हवं.

आता श्रावण चालू आहे, दिवाळीनंतरच्या सीझनचे नियम सगळे ग्रुप याच महिन्यात बसून लिहितात. तर तुमच्या पेपरातून सगळ्या आयोजकांना जाहीर विनंती आहे. सीझनचे पॉइंट्स सगळ्यांना सारखे द्या, मेगाब्लॉकमुळे राहिलेल्याला, ड्युटीवर असलेल्याला, मॉन्स्टर झालेल्याला सुद्धा. नवं कॅरेक्टर शून्यापासून सुरू करू नका, दर सीझनला सुरुवातीचे पॉइंट थोडे वर न्या म्हणजे आज येणारा माणूस जुन्यांच्या फार खाली राहणार नाही. वाराचे आकडे काढून टाका. शिकवणाऱ्याला पॉइंट द्या. आणि पैशाला कार्डापासून लांब ठेवा. त्या बाटल्यांवाल्या मुलीपर्यंत हे पत्र पोचलं तर तिनेही एकदा परत येऊन बघावं, आमच्या ग्रुपमध्ये वैद्याची जागा रिकामी आहे.

आणि तुमच्या प्रतिनिधींना पुढचा लेख करायचा असेल तर या वेळी त्यांनी बाहेर उभं राहून फोटो काढू नयेत, एक दिवस मॉन्स्टर क्रूमध्ये यावं. मुखवटा आणि कपडे आम्ही देऊ, त्यांनी फक्त आत घालायला जुना सुती टी-शर्ट, पायात बूट आणि दोन लिटर पाणी आणावं, आणि सकाळी लवकरची कर्जत लोकल पकडावी.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई